भोकाचा पंचनामा

माझ्या ऑफिसच्या पाटीवर 'वास्तुविशारद' असा भारदस्त शब्द आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकानं तो शेवटपर्यंत वाचलेला नाही. गावात मला 'खिडकीवाली बाई' म्हणतात. कारण मी कुठलाही नकाशा काढायला घेतला की आधी खिडक्या काढते आणि उरलेल्या जागेत घर बसवते, अशी माझी ख्याती आहे. ती बरीचशी खरी आहे.

खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. हा लेख मागताना संपादकांनी फोनवर 'छिद्र' किंवा 'झरोका' असं काहीतरी सुचवलं होतं. पण छिद्र दातात असतं आणि झरोका राजकन्येला लागतो. गवंडी पाडतो ते भोकच. लोक घर बांधताना भिंतीला काय लावायचं यावर महिनामहिना भांडतात, पण उजेड काही भिंतीतून येत नाही. तो भोकातून येतो आणि भोक जसं असेल तसा येतो. भोक उंचावर असेल तर खोलीत आतपर्यंत पोचतो. खाली असेल तर नको असलेल्या पाहुण्यासारखा दाराशीच बसून राहतो. भोक मोठं केलं तर भरपूर येतो, पण ऊन नावाचं बिऱ्हाड सोबत घेऊन येतो.

फुलंब्री रोडवरच्या एका शेठजींना पश्चिमेची अख्खी भिंत काचेची हवी होती.

"मॅडम, दुबईला सगळं असंच असतं."

"शेठजी, आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे ना?"

"मे एकच महिना असतो हो!"

एकच मे पुरला. आधी जाड पडदे आले, मग काचेवर काळा कागद चिकटला, शेवटी आतून प्लायवूड ठोकलं. आता त्या प्लायवूडवर मोठा टीव्ही आहे आणि त्यात अधूनमधून दुबई दिसते.

याच्या उलट एक चित्रकार. त्यांना उत्तरेची खिडकी हवी होती, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर शांत असतो, चित्रावरच्या सावल्या हलत नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी वास्तुवाला आणला. तो म्हणाला, उत्तरेला कुबेर, तिथं तिजोरी पाहिजे. चित्रकार म्हणाले, तिजोरीत ठेवण्यासारखं माझ्याकडं काही नाही, चित्रं मात्र आहेत. खिडकी झाली, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्या भागात रिकामी तिजोरी आहे. अजिंठ्याला गेले की मला नेहमी वाटतं, डोंगराच्या पोटात एका दारातून येईल तेवढ्या उजेडावर त्या लोकांनी केवढं काम केलं! त्यांना बहुतेक वास्तुवाला भेटला नसावा.

असो. मला सांगायची आहे ती माझ्या हातून झालेल्या सगळ्यात लहान कामाची गोष्ट. मोठ्या कामांचे फोटो कंत्राटदार छापतातच.

हर्सूल तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक जुनी कॉलनी आहे. तिथं मधुकरराव आणि शैलाताई राहतात. मधुकररावांनी जन्मभर लग्नांचे फोटो काढले. माझ्या निकाहचेही त्यांनीच काढले. त्यात बिर्याणी फार सुंदर आली आहे आणि माझे डोळे एकाही फोटोत उघडे नाहीत. शैलाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. मीही त्यांची विद्यार्थिनी. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत सगळं जग त्यांनी एका खडूच्या तुकड्यावर हाकललं. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पंखा पुसताना त्या स्टुलावरून पडल्या आणि पाठीचा मणका चेपला. डॉक्टरांनी सांगितलं, सपाट पडून राहायचं, कुशीवर व्हायचं नाही, मान वळवायची नाही, हाड जुळेपर्यंत. आता त्या ठणठणीत आहेत, तेव्हा वाचकांनी उगाच जीव टांगणीला लावून वाचू नये.

पण तेव्हा त्या ठणठणीत नव्हत्या. मी भेटायला गेले तर वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या छताकडं बघत पडलेल्या. ज्या बाईनं वर्गात टाचणी पडली तरी कुणाची ते ओळखलं, ती बाई माझ्याशी तीन वाक्यांपलीकडं बोलली नाही. ताट तसंच परत गेलं. खाली आल्यावर मधुकरराव म्हणाले, "नसीम, काल मला म्हणाली, आता पुरे झालं. मी विचारलं, काय पुरे? तर म्हणाली, पंखा. त्या पंख्याकडं बघून बघून मी त्याच्यासारखीच झालेय, जागच्या जागी फिरतेय."

मी खिडकीवाली बाई. मला एकच औषध माहीत. म्हटलं, दक्षिणेच्या भिंतीत मोठी खिडकी काढू.

"तिथं खिडकी होतीच," मधुकरराव म्हणाले. "साळुंक्यानं बुजवायला लावली."

साळुंके म्हणजे दक्षिणेकडचे शेजारी. फुलंब्रीकडचे, टाइल्सचं दुकान. मधुकररावांची ती भिंत बरोबर दोघांच्या हद्दीवर उभी, आणि हद्दीवरच्या भिंतीत खिडकी काढता येत नाही, मध्ये ठरलेली मोकळी जागा सोडावी लागते, हा नियम साळुंक्यांना कुठूनतरी कळला. "माझ्या अंगणात कुणी डोकावलेलं मला चालणार नाय," म्हणून त्यांनी अर्ज केला आणि मधुकररावांना खिडकीच्या जागी विटा रचाव्या लागल्या. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. म्हणजे साळुंक्यांनी बंद केलं आणि त्यांच्या बायकोचं, मंगलचं, त्यांनीच परस्पर बंद केलं.

मधुकररावांबरोबर वर जाऊन मी हे शैलाताईंना सांगत होते, तर छताकडंच बघत त्या म्हणाल्या, "खिडकी काढा नाहीतर वेस काढा. मी उताणी आहे. मला पंखाच दिसणार."

यावर मधुकररावांनी छताकडं पाहिलं. मग डोळे बारीक करून त्या बुजवलेल्या भागाकडं बघत म्हणाले, "नसीम, खिडकी नको. भोक दे."

"कसलं भोक?"

"कॅमेरा म्हणजे काय असतं? अंधारी डबी आणि तिला एक भोक. बाकीची सगळी दुकानदारी. मग ही खोलीच डबी केली तर?"

ही युक्ती त्यांची नाही, फार जुनी आहे. चित्रकार पूर्वी अशा अंधाऱ्या खोल्यांत बसून भिंतीवर उमटलेलं दृश्य गिरवायचे. उजेड सरळ रेषेत चालतो. बारक्या भोकातून आत येताना खालून निघालेला उजेड वर जातो, वरून निघालेला खाली येतो, आणि बाहेरचं जग आत उलटं उमटतं. अंगणात जे जमिनीवर आहे ते वर जाणार. म्हणजे भोक पुरेसं उंच ठेवलं तर थेट छतावर.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्री घेऊन गेले. जागा धरली दाराच्या चौकटीपेक्षा उंच, म्हणजे तिथून माणसाला डोकावता येणं शक्यच नाही. बाहेरच्या बाजूला अगदी लहान आणि आत कर्ण्यासारखं फाकलेलं, दौलताबादच्या तटाला बंदुकांसाठी भोकं असतात तसं. गच्चीवरून वाकून बाहेरच्या बाजूला एक पत्रा ठोकला आणि खरं भोक त्या पत्र्याला. मिस्त्री सगळं करून म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा भोकात चिमणीपण घर करणार नाय. हे हाय कशाला?" मला त्याला सांगता येईना. घरी अम्मीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "इत्ता पढ़ा के क्या मिला री? लोगां घरां बनाते, तू छेद बनाती."

भोकाच्या आकारावरून मधुकररावांचं आणि माझं जोरदार भांडण झालं. पहिलं पाडलं रुपयाएवढं. दारं-खिडक्यांना काळं कापड लावून आम्ही दोघं मान वर करून उभे. छतावर नुसती पांढुरकी घाण, कुणी ताक सांडल्यासारखी.

"लहान करा," मी म्हटलं.

"मला नको शिकवू. लहान केलं की चित्र रेखीव होतं, पण उजेड जातो. मोठं केलं की उजेड येतो, चित्र फिसकटतं. जन्मभर हेच केलं मी. लग्नात बाप म्हणतो सगळे नातेवाईक स्पष्ट आले पाहिजेत, म्हणून भोक लहान करावं, तर मंडपात उजेड नाही. मोठं करावं, तर नवरी स्पष्ट आणि सासरचे सगळे धुक्यात."

"सासरचे धुक्यात बरे," अंधारातून आवाज आला. शैलाताईंचा, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थट्टेचा.

दुसरा पत्रा तुरीच्या डाळीएवढ्या भोकाचा. काळोखच काळोख. तिसरा शेंगदाण्याएवढा. आम्ही दार लावलं, कूलरचा आवाज तेवढा राहिला आणि आम्ही तिघंही डोळे सरावायची वाट पाहत राहिलो. बाहेर एप्रिलचं भर दुपारचं ऊन. हळूहळू छतावर आधी एक तपकिरी चौकोन आला. मग त्यात हिरवं काहीतरी. आणि मग त्या तपकिरी चौकोनातून एक जांभळी आकृती चालत गेली. रंगीत. हलती. आवाज नाही.

मधुकररावांनी माझा हात धरला.

"अहो," शैलाताई म्हणाल्या, "ही मंगल डोक्यावर का चालतेय?"

कारण त्यांचे पाय उत्तरेला होते आणि डोकं दक्षिणेच्या त्या भिंतीकडं. अंगणातलं सगळं त्यांना उलटं दिसत होतं. त्यांनी एका क्षणात हिशेब केला, भूगोलाच्या बाई त्या. म्हणाल्या, पलंग फिरवा. पाय भिंतीकडं करा, म्हणजे सरळ दिसेल.

मधुकरराव घुटमळले. "म्हणजे डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला? तसं तर... म्हणजे माणूस गेल्यावर ठेवतात."

"मी गेल्यावर कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. आत्ता मी ठरवते. फिरवा."

मिस्त्री, त्याचा जोडीदार आणि आम्ही दोघं, अशा चौघांनी तो पलंग इंचाइंचानं फिरवला. पुन्हा अंधार केला. मंगल आता पायांवर चालत होती. हातभर उंचीची, डोकं जरा मोठं, पाय बारीक. डावं-उजवं तेवढं उलटंच राहिलं. त्यामुळं शैलाताईंनी पहिले दोन दिवस तिला डावखुरी समजून घेतलं. चेहरा ओळखू यायचा नाही, पण चाल यायची. शैलाताईंनी त्या दुपारी वरणभात खाल्ला. छताकडं बघत, मधुकररावांच्या हातून, मध्येमध्ये "थांबा, ती आता कुरडया उचलतेय" असं म्हणत.

चार दिवसांनी मी गेले तर बाई पूर्ववत. बोलत होत्या, रागवत होत्या, माझे केस का वाढले विचारत होत्या. पण मला एक गोष्ट खटकत होती, ती मी बोलून दाखवली.

"ताई, साळुंके नको तितके खडूस आहेत, पण एक खरं. मंगलला माहीत नसताना तुम्ही तिला बघताय. हे डोकावणंच झालं."

"तुला काय वाटलं, मी चोरून बघेन?" त्या भडकल्या. "पहिल्याच संध्याकाळी फोन केला मी तिला. सगळं सांगितलं. म्हटलं, तू नको म्हण, उद्या बुजवते."

"मग?"

"ती म्हणाली, थांबा, मग मी लुगडं तरी बरं नेसून येते."

त्यानंतर रोज दुपारी साळुंके दुकानात असताना मंगल अंगणात येऊन आधी भिंतीकडं बघून हात करायची. बाजारातून आणलेल्या कैऱ्या एक-एक वर धरून दाखवायची. कुरडयांचं सूप डोक्यावर घेऊन गिरकी मारायची. मी विचारलं, अजून काय करते? तर शैलाताई इतक्या हसायला लागल्या की मधुकरराव धावत आले, कारण हसण्यालाही डॉक्टरांची मनाई होती.

आणि मग एका रविवारी साळुंक्यांना अंगणातून तो पत्रा दिसला.

सोमवारी दुपारी मधुकररावांचा फोन. "नसीम, लगेच ये. पोलीस आलेत. साळुंके म्हणतो आम्ही त्याच्या अंगणावर कॅमेरा लावलाय."

मी पोचले तेव्हा साळुंके दुकानातून परस्पर एका हवालदारांना घेऊन पुढच्या दारानं आले होते. चौघं आम्ही वर गेलो.

"ह्याच मॅडम!" साळुंके माझ्याकडं बोट करून म्हणाले. "ह्यांनीच बसवला. बायाबापड्यांच्या अंगणावर कॅमेरा! इज्जतीचा सवाल हाय साहेब."

हवालदारांनी खोलीभर पाहिलं. "कॅमेरा कुठं हाय?"

"तुम्ही कॅमेऱ्यातच उभे आहात," मधुकरराव म्हणाले.

हवालदारांनी घाईनं पायाखाली पाहिलं.

"वायर कुठून गेलीय?"

"वायर नाही."

"मग रेकॉर्डिंग कशात होतं?"

"माझ्या डोक्यात," पलंगावरून शैलाताई म्हणाल्या. "जप्त करायचं असेल तर न्या. पण सपाट न्यावं लागेल."

"दार लावून घ्या आणि वर बघा," मी म्हटलं. दुसरा इलाज नव्हता. काळं कापड सोडलं, आम्ही पाचजण अंधारात. हवालदारांनी काठी जमिनीवर घट्ट रोवल्याचं मला ऐकू आलं. मग ते हळूच म्हणाले, "आयला. ह्ये तर पिक्चर हाय."

छतावर अंगण आलं होतं. बाज, तुळस, दोरीवरचे कपडे. आणि मंगल बाहेर आली. तिला बिचारीला काय माहीत वर कोण जमलंय! तिनं भिंतीकडं बघून हात केला. मग पदर खोचला. एक हात पाठीमागं घेतला, पोट पुढं काढलं, हनुवटी वर केली आणि पाय फाकवत, दर दोन पावलांवर थांबून इकडं-तिकडं हुकमी नजर टाकत अंगणभर चालायला लागली.

हवालदारांनी बराच वेळ निरखलं. "साळुंकेसाहेब," ते म्हणाले, "ह्ये तर तुमीच की."

मग त्यांनी अंधारात शेजारी चाचपून पाहिलं.

"नाय, तुमी तर हितं हाव."

मंगल बाजेवर ऐसपैस बसली. एक बोट वर करून तिनं कुणाला तरी पाणी मागितलं, तेही न बघता. मग स्वतःच उठली, धावत जाऊन स्वतःच पाणी आणलं, पुन्हा बाजेवर बसून ते प्यायली आणि तोंड वाकडं करून पेला परत केला. मग ती एकटीच हसत सुटली. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते. आणि पलंगावर शैलाताईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते.

मला वाटलं आता साळुंके आरडाओरडा करणार. पण अंधारातून आवाज आला तो भलताच बारीक होता.

"घरात तर ही बोलतपण नाय."

"बोलते की," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही दुकानाला गेलात की बोलते."

हवालदारांनी खाकरून काळं कापड बाजूला केलं. उजेडात आम्ही सगळेच एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. ते म्हणाले, "पंचनाम्यात लिहू काय मी? वायर नाय, मशीन नाय. भोक हाय. पण भोक काय जप्त करता येत नाय. केलं तरी ठाण्यात ठेवू कुठं?" टोपी सरळ करून ते जिन्यापाशी थांबले. "भिंत ह्यांची, अंगण तुमचं. उजेड कुणाचा त्याचं कलम मला ठाऊक नाय. आपसात मिटवा." आणि ते गेले. जाताना मधुकररावांना बाजूला घेऊन विचारत होते की पोरीच्या लग्नात फोटो काढाल का.

साळुंके उभेच होते. शेवटी म्हणाले, "बुजवा ते."

"बुजवते," शैलाताई शांतपणे म्हणाल्या. "मंगलला विचारून या. अंगणात ती असते. ती हो म्हणाली तर आजच्या आज."

साळुंके खाली गेले. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मी, चांगल्या घरातली शिकलीसवरलेली बाई, काळं कापड पुन्हा ओढलं.

छतावर साळुंके अंगणात आले. मंगल गडबडीनं बाजेवरून उठली. त्यांचं बोट वर झालं, मग भिंतीकडं झालं. ती मान खाली घालून उभी. बोट हलत राहिलं. मग तिनं मान वर केली आणि तिचे हात बोलायला लागले. आधी छातीशी, मग लांब, मग आमच्या भिंतीकडं, मग घराच्या दाराकडं. किती वेळ ते हात चालले होते! काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, आणि आजही मी तिला विचारलेलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं की त्यांचं बोट हळूहळू खाली आलं आणि मग हाताची नुसती मूठ राहिली, तीही सैल. मंगल चालत चित्राच्या बाहेर गेली. ते तिथंच राहिले.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. मंगल दारात. ती या घरात खिडकी बुजवल्यापासून पहिल्यांदाच आली होती. धाप लागलेली, डोळे लाल, पदर अजून खोचलेला.

"बुजवू का गं?" शैलाताईंनी विचारलं.

"आधी मला बघू तर द्या," मंगल म्हणाली. "मीच तेवढं बघितलं नाय अजून."

शैलाताईंनी पलंगावर शेजारची जागा थोपटली. "आडवी हो. उभ्यानं नीट दिसत नाही. पाय इकडं."

मंगल लाजत, अंग चोरून आडवी झाली. मधुकररावांनी दार लावून घेतलं. दोघी उताण्या, शेजारी शेजारी, वर बघत. डोळे सरावायला वेळ लागला. मग छतावर अंगण उमटलं आणि त्याच्या मधोमध साळुंके, एकटे, हातांचं काय करावं ते न कळून कधी ते मागं बांधत, कधी सोडत, मान वर करून भिंतीकडं बघत उभे. डोकं जरा मोठं, पाय बारीक, हातभर उंचीचे.

मंगल बघत राहिली. पापणी न हलवता.

"अगं बया," ती म्हणाली, "एवढासाच हाय व्हय ह्यो?"